लेखकपदी निवड

'आपले लेखन चांगले आहे, परंतु' एवढं वाचलं की पुढचं मी वाचत नाही. परंतुनंतर काय येतं ते मला पाठ झालंय. सध्या जागा नाही. अंकाच्या प्रकृतीत बसत नाही. पुन्हा जरूर पाठवा. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत वाईट, कारण माणूस खरोखरच पुन्हा पाठवतो. मी पाठवत होतो. एका संपादकानं तर उत्तरात फक्त अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं. तो अंगठा होकाराचा की निरोपाचा, यावर मी आठवडाभर डोकं फोडून घेतलं. तो निरोपाचाच निघाला.

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगावच्या एका पतसंस्थेत मी काउंटरवर बसायचो. लोकांचे अर्ज भरून द्यायचो, त्यांच्या सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारायचो. तिथं चार वर्षं काढल्यावर मी राजीनामा दिला आणि घरी येऊन जाहीर केलं की आता मी लिहिणार. लेख, सदरं, मुलाखती, जे मिळेल ते. शहरात याला फ्रीलान्स म्हणतात. आमच्याकडे याला 'घरी बसला' म्हणतात. आणि हे सगळ्यांत जास्त वेळा म्हणणारा माणूस माझ्याच घरात होता.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वाशीम रोडवर त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे आणि दुकानामागंच आमचं घर. जळालेल्या मोटरी उघडायच्या, काळी पडलेली तार उपटून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश मारून वाळवायची, हे त्याचं काम. माझं काम त्याला काम वाटत नव्हतं. रोज संध्याकाळी हात धुता धुता तो विचारायचा, आज कुठून काही आलं का? विचारायचा अगदी साध्या आवाजात. त्या साधेपणाचाच मला जास्त संताप यायचा. सरळ शिव्या घातल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

म्हणून मी त्याच्यावरच लेख लिहिला. दोन बैठकांत. सगळा राग ओतून.

लेखात काय होतं ते सांगतो. मी अमरावतीला कॉलेजात होतो, वसतिगृहात राहायचो. दुसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन निबंध स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. त्याच्या पंधरा दिवसांनी दादा एक रिकामी पिशवी घेऊन वसतिगृहात आला. त्याचं दुकान नवीन होतं, त्याला हाताखाली फुकटचा माणूस हवा होता. त्यानं माझे कपडे पिशवीत कोंबले, प्रमाणपत्र न बघता कपड्यांखाली सारलं आणि मला एसटीत बसवून घरी आणलं. माझं शिक्षण तिथं संपलं. 'तांब्याच्या तारेत त्यानं माझं आयुष्य गुंडाळून टाकलं,' असं एक वाक्य मी लिहिलं होतं आणि त्या वाक्यावर मी इतका खूश होतो की ते रोज एकदा उघडून वाचायचो.

या गोष्टीत नवीन काही नव्हतं. घरात सगळ्यांना ती माहीत होती. बाबांनी तर त्यावरून दादाशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. बाबा गेले. आई मात्र अजूनही काही बिनसलं की दादाला ऐकवायची, की तू याच्या शिक्षणाची माती केली. दादा ऐकून घ्यायचा.

तो लेख मी पुण्याच्या एका दिवाळी अंकाला पाठवला. तिथून उत्तर आलं, 'लेख मिळाला. निवड समितीपुढे ठेवला आहे.' त्याच संध्याकाळी जेवताना दादानं त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की पुण्याच्या अंकात माझ्या लेखाची निवड झाली. दादाचा घास थांबला. त्यानं एवढंच विचारलं, निवड झाली? पक्की? मी म्हणालो, पक्की. मग त्यानं आईला अजून एक भाकर मागितली.

तिसऱ्या दिवशी बसस्टँडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला.

आमच्याकडे निवड झाली की फ्लेक्स लागतो. तलाठी झाला, पोलिसात लागला, ग्रामसेवक झाला, की तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर फोटो. निवड म्हणजे पद, आणि पद म्हणजे फ्लेक्स. त्यांच्या घरचे करतात तसंच दादानं केलं. 'आमचे लहान बंधू यांची पुणे येथे लेखकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' फोटो माझ्या पतसंस्थेच्या ओळखपत्रावरचा. मागं उगवता सूर्य आणि उघडं पुस्तक. फ्लेक्सवाला पोहरादेवीच्या यात्रेचे स्वागतफलक करणारा होता, त्यामुळे वर दोन्ही कोपऱ्यांत घंटा तशाच राहून गेल्या होत्या. खाली शुभेच्छुक म्हणून दादाचा छोटा गोल फोटो. स्वतःचा फोटो त्यानं तोवर कधी कुठं लावला नव्हता.

त्याच दिवशी त्याला खरं सांगता आलं असतं. दादा, निवड नाही झाली, फक्त समितीपुढं ठेवलाय, एवढं एक वाक्य. मी नाही सांगितलं. उलट रस्त्याच्या पलीकडे एका पानठेल्याशी थांबून मी बराच वेळ तो फ्लेक्स बघत राहिलो. खोटं कशाला बोलू, मला छान वाटत होतं.

मग लोकांनी माझी हजामत सुरू केली. चहावाल्यानं विचारलं, परमनंट हाय का कंत्राटी? पतसंस्थेतल्या माझ्या जुन्या साहेबानं विचारलं, ऑफिस पुण्यालाच का, की वाशीमला बदली मिळेल? दादाच्या शेजारी वेल्डिंगचं दुकान आहे. तिथला चाचा मोठ्या आशेनं म्हणाला की त्याची मुलगी उर्दू शाळेत निबंध फार चांगले लिहिते, तर पुढची जागा निघाली की फॉर्म कुठं भरायचा ते सांगून ठेव. यांच्यातल्या एकालाही मी नीट उत्तर दिलं नाही. चहावाल्याला म्हणालो, सध्या प्रोबेशन आहे.

तीन आठवड्यांनी पुण्याहून आलं. 'समितीच्या मते लेख एकसुरी वाटतो.' समितीत कोण कोण बसतं, त्यांना किती सूर कळतात, हे विचारायची सोय नसते. मी मोबाइल गादीवर आपटला. फरशीवर आपटायची हिंमत नव्हती, नवा कुणी घेऊन दिला असता?

घरी मी हे सांगितलं नाही. ठरवलं, दिवाळीच्या आत हा लेख कुठं तरी छापून आणायचाच. कुठंही. मग कुणाला कळणार नाही की पुण्याचा अंक कोणता आणि हा कोणता. तेव्हापासून मी लिहायचं सोडून फक्त पाठवायचं काम केलं.

एका पुरवणीनं लेख एक तृतीयांश करून मागितला. मी रक्त आटवून केला. त्यानंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. एका पोर्टलवाल्या पोरीनं कळवलं, बोली कमी करा, वाचकाला अडखळायला होतं. दुसऱ्या पोर्टलवाल्यानं कळवलं, बोली वाढवा, मातीचा वास येत नाही. त्याला मी लिहिलं, मातीचा वास पाहिजे असेल तर इकडे या आणि शेणाच्या ट्रॉलीवर बसून वाचा. त्यानं मला ब्लॉक केलं. दोन्ही माणसं तेच चार परिच्छेद वाचून बोलत होती, आणि माझी खात्री आहे की चौथ्याच्या पुढं कुणी गेलं नव्हतं.

कारंजा लाडला एक गृहस्थ साप्ताहिक चालवायचे आणि दिवाळी अंकही काढायचे. त्यांच्याकडे मी एसटीनं स्वतः गेलो. ते धान्याच्या अडतीत बसलेले होते. माझी पानं त्यांनी घेतली, त्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि विचारलं, घरी काय आहे? मी दादाच्या दुकानाचं सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, वायंडिंगची अर्धं पान जाहिरात आणा, लेख मागं टाकून देऊ. म्हणजे ज्या माणसाच्या विरोधात मी लेख लिहिला होता, त्याच माणसाच्या जाहिरातीमागं तो छापून येणार होता. मी ग्लास बाजूला करून पानं उचलली. ते म्हणाले, घमेंड आहे तुम्हाला. होतीच. घमेंडीशिवाय माझ्याकडे दुसरं होतं काय?

दिवाळी आली आणि गेली. तोवर कुणीतरी फ्लेक्स काढून सोयाबीनच्या ढिगावर झाकायला नेला होता. आमच्याकडच्या बहुतेक फ्लेक्सांचं शेवटी तेच होतं. अंक दाखव, असं दादानं एकदाही म्हटलं नाही. मला वाटलं, विसरला. बरं झालं.

एक त्रैमासिक मात्र अजून जुन्या वळणाचं आहे. त्यांना लेख कागदावरच लागतो, आणि सोबत आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट. नकार द्यायचा झाला तर तो तुमच्याच अक्षरात तुमच्या घरी येतो. तिथून माझं पाकीट परत आलं त्या दिवशी मी वाशीमला गेलेलो. पोस्टमननं ते दुकानात दिलं.

संध्याकाळी मी परत आलो. गव्हाला पाणी द्यायचे दिवस होते, त्या दिवसांत मोटरी धडाधड जळतात आणि दादाला मान वर करायला वेळ नसतो. पण तो स्टुलावर नुसता बसला होता. मांडीवर माझी पानं. पानांच्या कडांवर वार्निशच्या बोटांचे डाग उठले होते.

"हे पुन्याले धाडलं होतं का तू?"

मी हो म्हणालो. माझी उत्तरं तयार होती. लेखकाला आपलं आयुष्य लिहायचा हक्क असतो वगैरे. महिनोन्‌महिने मी ती आरशासमोर घोकली होती.

"पूरं वाचलं म्या. दोन खेपा."

त्यानं वरच्या पानावर बोट ठेवलं.

"मले दुकानात मानूस पाह्यजे होता म्हनून तुले आनलं, असं लिवलं तू."

"मंग? तूच तं सांगतलं होतं तसं."

गिऱ्हाइकाला मोटर कशी जळाली ते समजावून सांगताना तो ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात तो बोलला. "ते बाबाले सांगतलं होतं. मायले सांगतलं होतं. तुले कायले सांगीन? तुले तं मालूम होतं ना."

होतं. मला माहीत होतं. ती निबंध स्पर्धा सोडली तर मी सात महिने कॉलेजात पाऊल टाकलं नव्हतं. दिवसभर वाचनालयात बसायचो, रात्री वसतिगृहावर यायचो, आणि स्वतःला मोठा लेखक समजायचो. एक विषय सोडून सगळ्यांत नापास झालो होतो. वसतिगृहाच्या रेक्टरनं दुकानावर फोन करून दादाला सांगितलं की याला घेऊन जा, खोली रिकामी करायची आहे. दादा आला तेव्हा मी खाटेवर तोंड फिरवून झोपलो होतो. एसटीत त्यानं मला एक शब्द विचारला नाही. आणि घरात शिरल्या शिरल्या, मी चप्पल काढायच्या आत, बाबांना म्हणाला, एकट्यानं दुकान होत नाही, म्हणून याला आणलं.

हे मी विसरलो होतो का? नाही म्हणवत नाही आणि हो म्हणवत नाही. बारा वर्षं घरात दुसरीच गोष्ट चालू होती. बाबा तीच बोलले, आई तीच बोलली, आणि मला ती इतकी सोयीची होती की मी तिच्यात राहायला गेलो. लेख लिहिताना माझं पेन एकदाही अडखळलं नाही. मला स्वतःची सगळ्यांत जास्त किळस त्यामुळंच येते.

तरीही त्या क्षणी मी जे बोललो ते नीचपणाचं होतं. मी म्हणालो, "तवाच खरं सांगाचं होतं मंग. कोन म्हनलं होतं तुले खोटं बोल म्हनून?"

दादानं पानं पाकिटात घातली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. मग त्यानं एक जळालेली मोटर समोर ओढली आणि पकडीनं तार उपटायला लागला. महिनाभर आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं.

आणि नेमकं त्याच महिन्यात, जिथं मी पाठवल्याचंही विसरलो होतो अशा एका मासिकाच्या संपादिकेचा फोन आला. लेख घेतलाय म्हणाल्या. भावाचं पात्र विलक्षण उतरलंय, असा एक खलनायक प्रत्येक घरात असतो, आणि ते तारेचं वाक्य आम्ही चौकटीत टाकतोय. ज्या शब्दांची मी दीड वर्ष वाट पाहिली ते शब्द मी मोटरींच्या ढिगाशेजारी उभा राहून ऐकले. मी म्हणालो, थोडं बदलायचं आहे. त्या नाखुशीनं म्हणाल्या, आठवड्यात द्या.

पहिला लेख दोन बैठकांत उतरला होता. या लेखानं सहा दिवस मला रडवलं. नापास झालेले विषय आले, रेक्टरचा फोन आला, दादानं माझ्यासाठी उचललेलं खोटं आलं. तारेचं वाक्य गेलं. सातव्या दिवशी पाठवला. दोन दिवसांत उत्तर. 'पहिल्या लेखात धार होती. हा कबुलीजबाब झाला आहे, आणि तो आमच्या अंकाच्या प्रकृतीत बसत नाही. पहिलाच देणार असाल तर जागा अजून राखून ठेवली आहे. परवापर्यंत कळवा.'

मी चिडलो. त्यांच्यावर, स्वतःवर, दादावर. 'पहिलाच घ्या' असं मोबाइलवर लिहिलंही. पाठवायच्या बटणावर अंगठा नेला, आणि तसाच दुकानात गेलो. आलेला नकार दादाला तोंडानं सांगायची ती माझी पहिली वेळ. त्यानं मोटरमध्ये डोकं घालूनच विचारलं की पहिला घेत होते तर दुसरा कायले धाडला, आणि दुसऱ्यात काय लिहिलं. मी सांगितलं, खरं लिहिलं. सगळं.

मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. त्यानं पकड खाली ठेवली आणि त्याचा आवाज चढला.

"ते छापाचं नाई."

"काहून?"

"मायले वाचता येते." तो उठून उभा राहिला. "बारा वर्सं ते मले बोलून राह्यली. बोलू दे, मले आदत झाली. पन कोन्या पुस्तकात वाचून तिले समजन का, की दोघाई पोराईनं तिले फसवलं? पहिला छाप नाई तं दुसरा छाप, मले काई लेनंदेनं नाई. आधी तिले सांग. तुह्या तोंडानं."

मी म्हणालो, सांगतो एखाद दिवशी. त्यानं घराकडे हात केला. म्हणाला, "आता जाय."

दुकानातून घरात जायला मधे एकच दार आहे. आई मागच्या ओसरीत तूर पाखडत होती. दादाचा चढलेला आवाज तिच्यापर्यंत गेला होता. माझ्याकडे न बघता, सूप हलवत हलवत तिनं नेहमीचं सुरू केलं, की कायले ओरडून राह्यला तो तुह्यावर, तुह्या शिक्षनाची माती केली तेवढी पुरली नाई का त्याले.

मी तिच्या समोर खाली बसलो. मोबाइल हातात होता, तो खिशात टाकला.

"माय," मी म्हणालो, "मी अमरावतीले नापास झालतो. मले तिथून काढलं होतं. दादानं नाई माती केली."

तिच्या हातातलं सूप थांबलं.